भिंतीवरचे वर्तमानपत्र



यंदा महाशिवरात्रीला आम्ही काही सभासद मंडळी वेळणेश्वरला गेलो होतो. पाटण-कोयना करीत कुंभार्ली घाट उतरलो, चिपळूण गाठले आणि तिथून गुहागरच्या रस्त्याने खाली समुद्रापर्यंत. आमच्या मंडळींना घाटावरचा वारा आणि उसाचा पाला ठाऊक. नारळीच्या बागेतून एकदम समोर समुद्र दिसल्यावर सगळे गप्पच झाले. देवळात गर्दी होती. यात्रेची दुकाने, नारळ, बेल, लाह्या, सगळे आपल्यासारखेच. दर्शन झाले आणि गावातल्या ज्या घरी आमची उतरायची सोय होती, तिथे आम्ही ओटीवर टेकलो.

आमच्यातल्या एका तरुण सभासदाला समुद्रात उतरायची घाई झालेली. घरातले आजोबा म्हणाले, “आत्ता नको हो. साडेदहाला भरती पुरी होते. आज उधाण आहे, पाणी जोरात असतं. चार-साडेचारला ओहोटीला जा, लांबपर्यंत वाळू उघडी मिळेल.”

आम्ही विचारले, “आजोबा, वेळ कुठं लिहून ठेवलीय का?”

आजोबांनी भिंतीकडे बोट केले. खिळ्याला कालनिर्णय टांगलेले. म्हणाले, “तिथी बघा. आज चतुर्दशी. चौदाचे पाऊणपट किती? साडेदहा. झाली भरतीची वेळ. अष्टमी असली तर आठाचे पाऊणपट सहा. फार तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. समुद्राला रविवार-सोमवार कळत नाही, त्याला तिथी कळते.”

आम्ही घड्याळ बघत बसलो. साडेदहाच्या सुमारास पाणी खरोखरच वर येऊन थबकले, आणि मग हळूहळू मागे सरायला लागले. घाटावरची आम्ही माणसे, आम्हांला हे गणित नवे. पण आमचे लक्ष गेले ते त्या कॅलेंडरकडे. चौकटी-चौकटीत पेन्सिलीने बारीक अक्षरांत काय काय लिहिलेले होते. आंब्याला फवारणी कधी केली, गॅसची टाकी कधी लागली, मुंबईचा मुलगा कधी येणार, बागेचे पाणी कोणत्या दिवशी सोडले. समुद्राची वेळ आणि घराचा हिशेब एकाच कागदावर.

परत येताना गाडीत विषय निघाला तो त्याचाच. हा कागद आपल्याही प्रत्येकाच्या घरी आहे. मग तो काढला कोणी? त्यामागे कोणता माणूस होता? कारखान्याच्या वार्तापत्रात उसाचे वाण आणि खताचे हप्ते यांबरोबर एखादे वेळी असाही लेख असावा, असे सर्वांचे मत पडले. म्हणून हा प्रपंच.

कोकणची माती आणि छापील कागद

जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे आणि मराठी वर्तमानपत्रांचे नाते फार जुने आहे. मराठीतले पहिले वर्तमानपत्र ‘दर्पण’. ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. ‘केसरी’कार टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. आम्ही ज्या वेळणेश्वरला गेलो, त्याच गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी १८६६ साली गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला तेव्हा त्याची इंग्रजी बाजू गोखल्यांनी सांभाळली होती. पोटासाठी आणि विद्येसाठी बाहेर पडायचे आणि जाईल तिथे लिहायचे, हे या भागातल्या माणसांच्या अंगवळणीच पडलेले.

याच जुन्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला मालवण. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे, पण सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. त्याआधी मालवणचा माणूसही रत्नागिरी जिल्ह्याचाच. त्या मालवणात १ फेब्रुवारी १९२९ रोजी जयंतराव शिवराम साळगावकर जन्मले. कालनिर्णय काढणारे ते हेच.

लहान बंदराचे गाव. असल्या गावातला हुशार पोरगा मुंबईची वाट धरायचा, तशी त्यांनीही धरली. लेखणी हेच भांडवल. ते वर्तमानपत्रांच्या धंद्यात वावरले. वाचकांना आठवत असेल, एके काळी वर्तमानपत्रांतल्या शब्दकोड्यांचे फार वेड होते. घरोघर दिव्याखाली माणसे पेन्सिली घेऊन बसायची. या शब्दकोड्यांच्या क्षेत्रात जयंतरावांचे नाव झाले. ‘शब्दरंजन’ स्पर्धा हे त्यांचेच काम.

आम्हांला वाटते, पुढच्या सगळ्या गोष्टीचे बी इथेच आहे. शब्दकोडे म्हणजे काय, तर चौकटी. चौकट ठरलेली, तिच्यात बसेल तेवढेच अक्षर घालायचे. एक अक्षर चुकले की उभी-आडवी सगळी कोडी बिघडली. आणि कोडे सोडवणारा कोण? साधा वाचक. कारकून, मास्तर, घरातली बाई. या वाचकाला काय कळते, काय आवडते आणि तो कुठे अडतो, हे कोडे घालणाऱ्याला रोज तपासावे लागते. चौकटीत थोडक्यात आणि बिनचूक लिहायचे, वाचकाच्या हातात पेन्सिल आहे हे धरून चालायचे. ही शिस्त अंगात मुरलेल्या माणसाने पुढे कॅलेंडर काढले, यात आम्हांला नवल वाटत नाही.

फुकट मिळणारी वस्तू विकायची कशी?

कालनिर्णय निघाले १९७३ साली. सभासदांना ते वर्ष वेगळे सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ डोक्यावर होता. आपल्यातले कितीतरी जण तेव्हा खडी फोडायच्या कामावर होते, मिलोची भाकरी खाल्लेले आहेत. पैसा जपून खर्च करायचे दिवस. आणि कॅलेंडर तर फुकटच मिळायचे. किराणा दुकानदार, कापडवाला, औषधवाला दिवाळीला किंवा नव्या वर्षाला एक-एक देई. वर लक्ष्मीचे किंवा शंकराचे चित्र, खाली दुकानाचे नाव, आणि अगदी तळाशी फाडायचा तारखांचा गठ्ठा. चित्र आवडले तर कॅलेंडर जुने झाले तरी भिंतीवर राही.

अशा वेळी कोणी पैसे देऊन कॅलेंडर घेईल का? व्यापाऱ्याने विचारले असते, तर उत्तर ‘नाही’ असेच आले असते. जयंतरावांचे चौकटीतले डोके वेगळे चालले. चित्र फुकट मिळते, तर चित्र विकायचेच नाही. माणसाला रोज जी माहिती लागते आणि ती मिळवायला दुसऱ्याच्या दारात जावे लागते, ती माहिती विकायची.

ती माहिती कोणती, तर पंचांगाची. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पंचांगाची पाच अंगे. आपल्याकडे पंचांग छापायला सुरुवात झाली त्यालाही आता दोनशे वर्षे होत आली. गणपत कृष्णाजी या मुंबईच्या छापखानदारांनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून लोक छापील पंचांगाला शिवत नसत, तेव्हा त्यांनी शाईत तूप घातले, असे सांगतात. पंचांग घरात शिरण्यासाठी छापखानदाराला तूप लागले!

तरीही पंचांगाचे पुस्तक वाचणे हे सर्वांचे काम नव्हते. ते चैत्र पाडव्याला सुरू होणार, आणि आपली शाळा, कचेरी, बाजार, पगार सगळे जानेवारी-डिसेंबरच्या हिशेबाने चालणार. बारीक टाइपात घटिका-पळे दिलेली. ती तासा-मिनिटांत आणायची कशी? म्हणून घरातल्या बाईला एकादशी कधी, संकष्टीचा चंद्र किती वाजता, हे भटजींना विचारावे लागे. भटजी दुसऱ्या गावी गेलेले असले की पंचाईत. आमच्या आजीने चुकीच्या दिवशी केलेल्या एकादश्या आम्ही पाहिलेल्या आहेत. म्हातारी दोन दिवस उपाशी राही, न जाणो कालची खरी की आजची!

कालनिर्णयाने केले ते एवढेच, पण मोठे. पंचांग भटजींच्या पिशवीतून निघाले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर आले. इंग्रजी तारखेचा मोठा आकडा, त्याच्याच चौकटीत तिथी, नक्षत्र, सण. घटिका-पळांच्या ठिकाणी घड्याळाचे तास-मिनिटे. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ. हिंदूंच्या सणांबरोबर मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, जैन यांचेही सण त्याच पानावर. एकाच गल्लीत राहणारी माणसे एकमेकांचे सण त्यामुळे पाहू लागली. शेजारच्या घरी ईद कधी, हे आम्हांला पूर्वी शिरखुर्मा आल्यावर कळे. आता आधी कळते. चंद्रदर्शनाने एक दिवस मागेपुढे होतो, तो भाग वेगळा.

आणि पानाची मागची बाजू? कोरा कागद वर्तमानपत्रवाल्याच्या डोळ्यांत खुपतोच. मागच्या बाजूला मजकूर आला. राशिभविष्य, आरोग्य, पाककृती, चांगल्या लेखकांचे लेख. बारा पाने म्हणजे बारा अंक झाले. महिना बदलला की पान उलटायचे, आणि गेल्या महिन्याची मागची बाजू दुपारी निवांत वाचायची. मासिक घेण्याची ऐपत नसलेल्या घरातही अशा रीतीने थोडे वाचन शिरले. म्हणूनच आम्ही याला भिंतीवरचे वर्तमानपत्र म्हणतो.

चूक वर्षभर लटकते

वर्तमानपत्राचे आयुष्य एका दिवसाचे. सकाळचा अंक संध्याकाळी भेळेला. त्यात एक फायदाही असतो. आज चूक झाली तर उद्या दुरुस्ती छापता येते. कॅलेंडरवाल्याला ही सवलत नाही. त्याची चूक लाखो घरांत बारा महिने लटकते. एका चौकटीत एकादशी चुकली, तर किती घरांचा उपास चुकेल! आणि वेळही एकदाच साधायची. दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत माल दुकानांत आणि पेपर-विक्रेत्यांच्या हातात पोचलाच पाहिजे. जानेवारी उलटला की उरलेला गठ्ठा रद्दीच्या भावाने जायचा. आपला ऊस जसा वेळेत तुटला नाही की तुरा येतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात, तसाच हा धंदा.

शिवाय तिथीचे गणित सरळ नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी संपते. चंद्र कधी भरभर चालतो, कधी सावकाश. म्हणून एखादी तिथी १९-२० तासांत आटोपते, तर एखादी २६ तासांच्या पुढे जाते. ती दिवसात कधीही सुरू होते, रात्री दोन वाजतासुद्धा. त्यामुळे कधी तिथीचा क्षय, कधी वृद्धी. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्षापेक्षा ११ दिवसांनी कमी. हा फरक भरून काढायला साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना धरावा लागतो. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, आणि दोन श्रावणांतला कोणता खरा, यावर घराघरांत वाद झाले, हे सभासदांना आठवत असेलच.

त्यात जागेचा फरक. मुंबईत आणि नागपुरात सूर्य एकाच वेळी उगवत नाही, साधारण २५ मिनिटांचे अंतर पडते. चंद्राचेही तसेच. मग संकष्टीची वेळ कोणत्या गावची छापायची? आणि पंचांगकर्त्यांचे आपसांत मतभेद. लोकमान्य टिळकांनी वर्तमानपत्र चालवता-चालवता पंचांगशुद्धीचा प्रश्नही हाती घेतला होता. आकाशात जे दिसते ते पंचांगात असावे, हा त्यांचा आग्रह. टिळक पंचांग मानणारी घरे आजही आहेत, कोकणात तर आहेतच. एखाद्या वर्षी अधिक मासाच्या फरकामुळे त्यांचा गणपती इतरांच्या आधी महिनाभर बसतो. सरकारनेही मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरू केली. ती कचेरीच्या कागदांवर आणि आकाशवाणीवर राहिली, स्वयंपाकघरात शिरली नाही.

एवढ्या मतामतांच्या गलबल्यात छापणाऱ्याला शेवटी एक तारीख ठरवावी लागते. नावातच ‘निर्णय’ आहे, बघा. जयंतराव स्वतः ज्योतिषाचे आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक होते, ज्योतिर्भास्कर म्हणून ओळखले जात. गणपती या दैवतावर ‘देवा तूचि गणेशु’ हा त्यांचा ग्रंथ आहे. भविष्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आमच्यातही दोन्ही मतांचे लोक आहेत आणि चहाच्या टपरीवर त्यावर रोज खडाजंगी होते. पण राशिभविष्य न मानणाराही पौर्णिमा कधी हे त्याच भिंतीवर पाहतो. अमावास्येला उधाण येणार म्हणजे येणार, त्यात विश्वासाचा प्रश्न नाही. वेळणेश्वरच्या आजोबांनी पाऊणपट करून ते आम्हांला दाखवलेच.

घरचा धंदा

लेखणीवर जगणारा माणूस धंद्यात पडला की बहुधा बुडतो, असा आपल्याकडे समज. ‘दर्पण’ आठ-साडेआठ वर्षांत बंद पडला. मराठीतली किती वर्तमानपत्रे आणि मासिके निघाली आणि कर्ज ठेवून गेली, त्याची गणती नाही. लिहिणाऱ्याला कागदाचा भाव कळत नाही आणि कागदवाल्याला लिहिणे कळत नाही. जयंतरावांनी दोन्ही एका घरात आणले. सुमंगल प्रेस ही त्यांची संस्था. कालनिर्णय मराठीत रुजले, मग हिंदी, गुजराती, कन्नड, इंग्रजी अशा इतर भाषांतही गेले. खप कोटीच्या घरात पोचला. पाककृतींच्या स्पर्धा, दिवाळी अंक अशी पुढची कामेही त्या घराने हाती घेतली.

घरचा धंदा म्हटला की पुढच्या पिढीचा प्रश्न येतोच. शेतीतही तोच. बापाने विहीर काढली, पोराने ती टिकवली तर खरे. चिरंजीव जयराज साळगावकर यांनी हे काम पुढे नेले आणि आता तिसरी पिढीही त्यात आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी जयंतराव मुंबईत वारले. वय ८४. कर्ता माणूस गेला की घर काही काळ थांबते. पण कॅलेंडर थांबू शकत नाही, १ जानेवारी कुणासाठी अडत नाही. २०१४ चे कालनिर्णय नेहमीसारखे भिंतीवर आले. बऱ्याच घरांना आत काही घडले हे जाणवलेसुद्धा नसेल. एका माणसाच्या हुशारीवर चाललेले काम घराच्या शिस्तीवर आले, याची आमच्या मते हीच खूण.

मालवणला मेढ्यात त्यांनी बांधलेले जय गणेश मंदिर आहे. कोकणात सहलीला जाणाऱ्या सभासदांनी जरूर पाहावे. गाव सोडलेल्या माणसाने गावाकडे पाहिले, एवढे तरी त्यावरून कळते.

आता तर मोबाईल आले. तिथीही त्यात, भरतीची वेळही त्यात. कालनिर्णयही मोबाईलवर मिळते. तरी भिंतीवरचा खिळा रिकामा झालेला नाही. का? आम्ही वेळणेश्वरला पाहिले तेच कारण. मोबाईल एकाच्या खिशात असतो. भिंतीवरचा कागद सगळ्या घराचा असतो. त्यावर आजोबा लिहितात, सूनबाई लिहितात आणि शाळेतले पोर परीक्षेच्या तारखेभोवती लाल गोल काढते.

एका पेन्सिलीच्या ओळीची गोष्ट

शेवटी आपल्याच भागातली एक हकिगत सांगतो. गाव आणि नाव सांगत नाही, ज्याला ओळखायचे तो ओळखील.

काही वर्षांपूर्वी एका सभासद बाईंच्या आडसाली उसाची नोंद चुकली. मालक वारल्यावर शेती त्याच बघत होत्या. लागण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली, नोंदीत पडली ऑगस्टअखेरची. नोंद घेणाऱ्याने मुद्दाम केले नसेल, गडबडीत झाले असेल. पण तोडणीची पाळी लागणीच्या तारखेवर लागते. शेजारच्या रानात कोयते पडले, टोळी पुढे निघून गेली आणि बाईंचा ऊस उभाच. तुरे यायला लागले. बाई गट कार्यालयात दोनदा जाऊन आल्या. कागद त्यांच्या विरुद्ध. कागदापुढे तोंडी बोलणे चालत नाही, हा सगळीकडचा नियम.

तिसऱ्या वेळी बाई आल्या त्या काखेत कॅलेंडर घेऊन. तेही चालू वर्षाचे नव्हे, मागच्या वर्षाचे. त्यांच्या घरी जुने कॅलेंडर टाकत नाहीत, त्याच खिळ्याला नव्याच्या मागे राहू देतात. त्यांनी जुलैचे पान उघडून टेबलावर ठेवले. एका चौकटीत लिहिले होते, ‘आज मळ्यात लागण. बाया ११.’ दुसऱ्या दिवशीच्या चौकटीत, ‘लागण संपली. मजुरी दिली.’ वरच्या-खालच्या चौकटींत रोजचे दूध, सकाळचे आणि संध्याकाळचे, त्याच हाताचे, त्याच पेन्सिलीचे. एका चौकटीत ‘पावणे आले, अर्धा लिटर कमी.’

शेती अधिकाऱ्यांनी पान पाहिले, पुढचे-मागचे पाहिले आणि म्हणाले, “ताई, दूध कोणी खोटे लिहीत नाही.” चिटबॉयला बरोबर घेऊन ते रानात गेले, उसाच्या कांड्या पाहिल्या, शेजाऱ्यांना विचारले. नोंद दुरुस्त झाली आणि त्याच आठवड्यात टोळी लागली. थोडे वजन गेले ते गेलेच. पण वर्षाचे पीक हातचे गेले नाही. त्या उसावर बाईंच्या मुलीचे लग्न होते.

ही हकिगत आठवली की आम्हांला मालवणचा तो कोडी घालणारा माणूस आठवतो. त्याने चौकट दिली आणि आपल्या बाईने ती भरली. आपण छापलेल्या कागदावर कुठल्या तरी गावातली शेतकरीण पेन्सिलीने आपल्या मुलीचे लग्न सांभाळून ठेवील, हे कोणत्या छापखान्याला आधी दिसते? पण बिनचूक आणि वेळेवर काम केले की त्याचा उपयोग कुठवर जातो, याला हिशेब राहत नाही.

आपला कारखानाही एका अर्थाने तारखांवरच उभा आहे. लागणीची तारीख, तोडणीची तारीख, बिलाची तारीख. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत, असे कायदा सांगतो. ज्याने तारीख दिली त्याने ती पाळावी, हे कॅलेंडर काढणाऱ्याला लागू, तसे आम्हांलाही लागू, आणि कर्जाचा हप्ता भरणाऱ्या सभासदालाही लागू.

म्हणून जाता जाता एक विनंती. लागण झाली की त्याच दिवशी भिंतीवरच्या चौकटीत लिहा. गट नंबर, क्षेत्र, वाण, मजूर किती, सगळे लिहा. नोंद झाल्यावर पावतीवरची तारीख त्या चौकटीशी ताडून पाहा आणि फरक असेल तर त्याच आठवड्यात गट कार्यालयात या. आडसाली ऊस दोन वर्षांच्या कॅलेंडरवर पसरतो. म्हणून ३१ डिसेंबरला जुने कॅलेंडर चुलीत घालू नका, पुस्तकांना कव्हरे घालायलाही देऊ नका. बिल हाती पडेपर्यंत ते त्याच खिळ्यावर, नव्याच्या मागे राहू द्या.